जव्हारचा रानजिरॅनियम

भाद्रपदातली गोष्ट. जव्हारला विज्ञान शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. वनस्पतींच्या वर्गीकरणावरचे माझे बोलणे संपले आणि मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतले शिक्षक प्रश्न विचारायला उभे राहिले. त्यांच्या हातात जुन्या पुस्तकाच्या काही पानांची झेरॉक्स होती. कॉलेजात असताना कधीतरी काढून ठेवलेली. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची ती यादी होती आणि पानाच्या माथ्यावर कुलाचे नाव होते 'जिरॅनिएसी', म्हणजे जिरॅनियमचे कुल. त्यांनी विचारले, "सर, या कुलातल्या वनस्पती आपल्या भागात असल्याचं यात दिलंय. मग जव्हार-मोखाड्यात रानजिरॅनियम आहे का?"

मी ताबडतोब "नाही" म्हणालो. जिरॅनियम ही थंड हवेतली वनस्पती. आपल्या देशात तिच्या रानटी जाती पाहायच्या तर हिमालयात जावे लागते, किंवा निलगिरीच्या माथ्यावर. जव्हारची उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. तिथे जिरॅनियम कुठून येणार? सभागृहाचे समाधान झाले, माझेही झाले.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात हात धुवायला गेलो. अंगणाच्या कडेला मुरमाची उभी कापलेली दरड होती आणि ती वरपासून खालपर्यंत तेरड्याने गुलाबी झाली होती. स्वयंपाक करणाऱ्या मावशींची सातआठ वर्षांची मुलगी दरडीपाशी उभी राहून एकेक बोंड चिमटीत धरत होती. टप्. बोंड फुटे, बिया उडत आणि ती हसे. पाहता पाहता माझ्या लक्षात आले की मी गुरुजींना अर्धेच उत्तर दिले आहे. आत जाऊन ती झेरॉक्स मागून घेतली. जिरॅनिएसी कुलाच्या मथळ्याखाली नावे होती: बायोफायटम, ऑक्झॅलिस, अॅव्हेर्होआ आणि इंपेशन्स. इंपेशन्स म्हणजे तेरडा! त्या पुस्तकापुरता जव्हारचा रानजिरॅनियम माझ्यासमोर दरडीवर डोलत होता.

हा घोळ कसा झाला, तो सुटला कसा आणि त्या दरडीवर तेरडाच का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी नावाचा गुंता सोडवू. रोपवाटिकेत 'जिरॅनियम' म्हणून कुंडीत मिळते ते खरे जिरॅनियम नव्हेच. ते पेलार्गोनियम, मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. अलीकडे महाराष्ट्रातले काही शेतकरी सुगंधी तेलासाठी ज्या जिरॅनियमची लागवड करतात तेही पेलार्गोनियमच. लिनियसने १७५३ मध्ये ही सारी मंडळी जिरॅनियम या एकाच प्रजातीत घातली होती. शतक संपण्यापूर्वी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने पेलार्गोनियम वेगळे काढले, पण तोवर माळ्यांच्या तोंडी जुने नाव बसले होते आणि ते आजतागायत सुटलेले नाही. नावांची व्युत्पत्ती मुलांना सांगण्यासारखी आहे. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच पक्षी. या वनस्पतीचे फळ लांब चोचीसारखे असते म्हणून जिरॅनियम. 'पेलार्गोस' म्हणजे करकोचा, त्यावरून पेलार्गोनियम. याच कुलातली तिसरी प्रजाती इरोडियम, तिच्या नावात बगळा आहे. नाव ठेवणाऱ्यांना सगळीकडे चोचीच दिसत होत्या.

आता ते जुने पुस्तक. ते थिओडोर कुक यांचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे पुस्तक, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेले. महाराष्ट्रात वनस्पती ओळखायला शिकणाऱ्या प्रत्येकाला आजही कधी ना कधी ते उघडावेच लागते. कुक मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते, इंजिनियर होते. १८६० मध्ये ते रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल त्यांनी बांधला आणि पुढे पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे ते प्राचार्य झाले. वसई आज पालघर जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यात तेरड्याचा हा प्रश्न निघाला, त्याच जिल्ह्यात तेरड्याला जिरॅनियमच्या घरात नोंदवणारे गृहस्थ पूल बांधत होते.

कुक यांनी हे वर्गीकरण मनाने केले नव्हते. इंग्लंडमध्ये बेंथॅम आणि हूकर यांनी सपुष्प वनस्पतींची जी मांडणी केली, तिचा पहिला खंड १८६२ ते १८६७ या काळात निघाला. भारतातल्या कॉलेजांतून पुढची शंभर वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ हीच मांडणी शिकवली गेली. आमच्या पिढीनेही ती घोकली. तिच्यात जिरॅनियमच्या कुलात आंबुशी होती, स्पर्श होताच पाने मिटणारी आणि छोट्या माडासारखी दिसणारी लाजरी होती, कमरखाचे झाड होते आणि तेरडाही होता. बेंथॅम-हूकर यांच्या आधी काही शास्त्रज्ञांनी तेरड्याला वेगळे कुल दिले होते, पण या दोघांनी त्याला पुन्हा एकत्र कुटुंबात आणून बसवले.

असे करण्यात काही तर्क होता का? होता. खऱ्या जिरॅनियमचे फूल सरळ आणि सारखे असते: पाच निदले, पाच पाकळ्या. तेरड्याचे फूल मात्र पूर्ण वेगळे. बाजूला दोन चिमुकली निदले, खाली होडीच्या आकाराचे तिसरे रंगीत निदल आणि त्याच्या टोकाला मागे वळलेली बारीक नळी. या नळीत मधुरस असतो. पाकळ्या पाच, पण वरची एक सुटी आणि उरलेल्या चार दोन-दोन जोडलेल्या. या दोन फुलांत साम्य शोधायचे कुठे? तर मध्ये उभा असतो कुंडीतला पेलार्गोनियम. त्याच्या पाकळ्या थोड्या असमान असतात आणि मधुरसाची नळीही असते, फक्त ती देठाला चिकटून लपलेली. सरळ फुलापासून तिरप्या फुलापर्यंतच्या वाटेवरचा हा मधला टप्पा दिसला की दोन्ही टोके एका कुलात घालण्याचा मोह कोणालाही व्हावा. त्यात जिरॅनियम, आंबुशी आणि तेरडा या तिघांनाही बिया दूर उडवायची सवय. साम्य डोळ्यांत भरणारेच होते.

सर जोसेफ हूकर यांना मात्र तेरड्याने आयुष्याच्या शेवटापर्यंत सोडले नाही. १९११ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले, तोवर त्यांचे काम चालू होते ते इंपेशन्स प्रजातीवरच. अडचण अशी की तेरड्याचे फूल दाबून वाळवले की त्याचा चोळामोळा होतो. पाकळी कुठली आणि निदल कुठले हे सुकलेल्या नमुन्यावरून सांगणे महाकठीण. इंग्लंडमध्ये बसलेल्या त्या ज्ञानवृद्धाला पाण्यात भिजवलेल्या चिंध्यांवरून फूल पुन्हा उभे करावे लागे. मोखाड्याच्या पाचवीतल्या मुलाला तेच फूल शाळेच्या वाटेवर ताजे मिळते. या एका बाबतीत तो हूकरपेक्षा श्रीमंत आहे, आणि आपण त्याला शिकवतो ते मात्र जास्वंदीचे चित्र फळ्यावर काढून.

तेरड्याचे ताजे फूल हातात घेतले तर आणखी एक गोष्ट दिसेल. फुलाच्या तोंडाशी, वरच्या बाजूला, पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून एक पांढरट टोपी तयार झालेली असते. फूल उमलते तेव्हा ही टोपी परागकण देत असते आणि बीजांडकोश तिच्याखाली पूर्ण झाकलेला असतो. काही काळाने टोपी गळून पडते आणि मग खालचा हिरवा टोकदार बीजांडकोश उघडा पडतो. म्हणजे प्रत्येक फूल आधी नर आणि नंतर मादी. एकाच रोपावर टोपीवाली आणि बिनटोपीची अशी दोन्ही फुले वर्गात दाखवता येतात. भिंग असले तर उत्तम, नसले तरी चालते.

आता त्या मुलीच्या चिमटीत फुटणाऱ्या बोंडाकडे वळू. इंपेशन्स या लॅटिन शब्दाचा अर्थच अधीर, उतावीळ. तेरड्याचे पिकलेले बोंड लवदार, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असते. त्याला पाच फाका असतात, पाच उभ्या शिवणींनी जोडलेल्या. प्रत्येक फाकेत पेशींचे दोन प्रकारचे थर असतात. बाहेरच्या थरातल्या पेशी मोठ्या आणि पाण्याने टच्च भरलेल्या. त्यांना फुगायचे असते. आतल्या थरातल्या पेशी चिवट, त्या लांब व्हायला तयार नसतात. बाहेरची बाजू लांबू पाहते आणि आतली तिला धरून ठेवते, तेव्हा फाकेला आतल्या बाजूला गुंडाळायचे असते. पण शेजारच्या फाकांशी ती शिवलेली असल्याने तिला हलता येत नाही. वाकवून दोरीने बांधलेल्या बांबूसारखी ती ताणात उभी राहते. बोंड पिकते तसतशा शिवणी कमजोर होतात. मग वाऱ्याचा झोत, पावसाचा थेंब, मुंगीचा किंवा मुलीच्या बोटाचा स्पर्श एवढे निमित्त पुरते. शिवण उसवते, पाचही फाका काही हजारांश सेकंदात गुंडाळल्या जातात आणि बिया भिरकावल्या जातात.

यात कुठेही स्नायू नाही, मज्जातंतू नाही. सगळे काम पाण्याच्या दाबाचे. हे तपासायचे असेल तर फुटलेल्या बोंडाची एक गुंडाळलेली फाक मिठाच्या दाट पाण्यात टाका. पेशींतले पाणी बाहेर जाते आणि गुंडाळी सैल पडू लागते. तीच फाक पुन्हा साध्या पाण्यात ठेवली की ती परत आवळते. परासरण, ज्याला आपण आठवी-नववीत मनुका भिजवून शिकवतो, त्याचा याहून गमतीचा प्रयोग मला माहीत नाही.

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनाही यात वाटा आहे. जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा, मधोमध तेरड्याचे बोंडे लागलेले रोप उभे करा आणि एकेक बोंड हलकेच दाबा. बी कुठे पडले ते पेन्सिलीने खुणा करून मोजा. समजा बोंड जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंचीवर होते आणि बी आडवे उडून दीड मीटर दूर पडले. ६० सेंटीमीटर खाली पडायला बीला ०.३५ सेकंद लागतात. तेवढ्यात दीड मीटर म्हणजे वेग झाला सेकंदाला सुमारे ४.३ मीटर. हवेचा विरोध आपण सोडून दिला आणि बी आडवेच सुटले असे धरले. या दोन गृहीतांमुळे उत्तर किती चुकते, यावर दहावीच्या मुलांची वादावादी होऊ द्यावी. अमेरिकेतल्या एका रानतेरड्यावर २००९ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. फाकांमध्ये साठवलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम अर्धा टक्का बियांना मिळतो, असे त्यात आढळले. बाकी सारी फाकांच्या स्वतःच्या गुंडाळण्यात खर्च होते. गोफण गरगर फिरवायची आणि दगड पायाशीच पडायचा, असला हा प्रकार. तरीही दीड-दोन मीटरपर्यंत बी जाते आणि तेरड्याचे काम भागते.

जिरॅनियमही बिया उडवतो, पण त्याची रीत उलटी. त्याची चोच पिकली की वाळते. वाळताना तिच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूने आखडतात, ताण वाढत जातो आणि शेवटी पट्टी खालून सुटून झटक्याने वर वळते. टोकाशी असलेले बी गोफणीसारखे फेकले जाते. ही मेलेल्या, कोरड्या ऊतींची करामत. तेरड्याला ओल लागते, जिरॅनियमला ऊन. आंबुशीची तर तिसरीच तऱ्हा. तिच्या प्रत्येक बीवर एक पारदर्शक पिशवी असते, ती मोजा उलटा करावा तशी एकाएकी उलटी होते आणि बी सटकते. रुएलियाच्या वाळक्या शेंगा थुंकी लावून फोडण्याचा खेळ आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी केला असेल, ती चौथी रीत. उडवणे हे काम एक, त्याच्या युक्त्या अनेक. एका घराण्यातल्या भावंडांनी वारशाने एकच युक्ती घेतली असती तर ती अशी मुळातून वेगळी नसती. बेंथॅम-हूकर यांच्या एकत्र कुटुंबाला इथेच पहिला तडा जातो.

दुसरा आणि निर्णायक तडा डी.एन.ए.ने दिला. १९९३ च्या सुमारास क्लोरोप्लास्टमधल्या एका जनुकाची शेकडो वनस्पतींमध्ये तुलना केली गेली आणि १९९८ मध्ये त्यावर आधारलेले नवे वर्गीकरण पुढे आले. त्यात जुने जिरॅनिएसी कुल पूर्ण विखुरले. खरा जिरॅनियम ज्या मोठ्या शाखेवर गेला, त्याच शाखेवर जांभूळ, ऐन आणि भेंडी आहेत. आंबुशी, लाजरी आणि कमरख शेजारच्या वेगळ्या शाखेवर. आणि तेरडा? तो गेला थेट दुसऱ्या टोकाला, चहाच्या गणात. या गणात त्याच्या सोबतीला कोण आहे पाहा: मोह, टेंभुर्णी, कुंभा, बकुळ, चिकू. ज्या मोहाच्या फुलांवर जव्हारच्या पाड्यांनी कित्येक उन्हाळे काढले, ज्या टेंभुर्णीची पाने विड्यांना जातात, ज्या चिकूने डहाणू-घोलवडचे नाव केले, ते तेरड्याचे दूरचे का होईना पण सगेसोयरे. तेरडा आणि खरा जिरॅनियम यांचा समाईक पूर्वज गाठायला मात्र दहा कोटी वर्षांहून मागे जावे लागते. ढोपराएवढे रसाळ रोप आणि चाळीस-पन्नास फूट उंचीचा मोह एका गणात, हे पचायला मलाही वेळ लागला. शिबिरात दुसऱ्या दिवशी मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे झेरॉक्स फेकून द्यायची का?" फेकू नका. कुक यांनी कोणते झाड कुठे आढळते याची केलेली नोंद खरी आहे. बदलले ते फक्त आडनाव.

आता तो मुलूख. जव्हारहून मोखाड्यामार्गे त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्याने श्रावण-भाद्रपदात गेलात तर तेरडा शोधावा लागत नाही. रस्त्यासाठी कापलेल्या दरडी, भाताच्या खाचरांचे बांध, नाचणी-वरईच्या वरकस जमिनीच्या कडा, ओघळांचे काठ, सगळीकडे तो आहे. पण नीट पाहा: दाट झाडीच्या सावलीत तो विरळ होतो, सपाट माळावर जिथे उंच गवत माजते तिथेही त्याची डाळ शिजत नाही. त्याला हवी असते उतरती, मोकळी, निचऱ्याची जागा, जिथे पाणी सतत झिरपत राहते पण साचत नाही आणि जिथे माती इतकी पातळ की गवताला पाय रोवायला वेळ लागतो. हा सारा प्रदेश लाव्हाच्या थरांचा. कातळाच्या थराथरांतून पावसाळ्यात पाणी पाझरते. पाऊस इथे अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे, पण तो चारच महिन्यांत. पुढचे आठ महिने तीच दरड भाजून निघते. मुंबईला पाणी देणारी वैतरणा इथून वाहते आणि फाल्गुनात इथल्या बायका हंडे घेऊन झऱ्याचा तळ खरवडत असतात, ही विसंगती तुम्हा सर्वांना ठाऊक आहे.

तेरड्याने या आठ महिन्यांशी झुंजायचे नाही असे ठरवून टाकले आहे. त्याला लाकूड नाही, कंद नाही, पाणी साठवायला जाड साल नाही. खोड जवळजवळ निव्वळ पाणी. जूनमध्ये उगवायचे, भाद्रपद-आश्विनात फुलून बी टाकायचे आणि पाऊस सरला की मरून जायचे. त्याच्या भाईबंदांनी यावर दुसरे तोडगे काढले आहेत. सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर इंपेशन्स अकॉलिस नावाचा एक नाजूक तेरडा वाढतो. त्याला उभे खोडच नसते, मातीतला छोटा कंद उन्हाळा काढतो आणि पाऊस पडताच त्यातून पाने येतात. आपल्या दरडीवरच्या तेरड्याकडे कंद नाही. पुढच्या वर्षीचा तेरडा म्हणजे या वर्षी पडलेले बी, दुसरे काही नाही.

आणि ते बी जाते दीड-दोन मीटर. मग एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर तेरडा पोचतो कसा? याचे उत्तर युरोपातून मिळते. हिमालयातला एक उंच, देखणा तेरडा १८३९ मध्ये बागेसाठी इंग्लंडला नेला. त्याने बागेची भिंत ओलांडली आणि आज तिथल्या नद्यांचे काठच्या काठ त्याने व्यापले आहेत. स्वतः तो बी काही मीटरच फेकतो, पण फेकलेले बी ओढ्यात पडले की पाणी त्याला मैलोन्‌मैल नेते. आपल्याकडच्या ओघळांच्या काठची तेरड्याची रांग पाहिली की तेच चाललेले दिसते. दरडीवरून ओघळात, ओघळातून ओहोळात.

यात एक वाटेकरी मला आणखी दिसतो, तो माणूस. कोकणात आणि ठाणे-पालघरच्या पट्ट्यात कित्येक घरांत तेरड्याची गौर बसते. रोपे मुळासकट उपटून आणायची, कारण मुळे म्हणजे गौरीची पावले. तीन दिवसांनी ती नदी-ओढ्यात सोडायची. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण क्षणभंगुर वैभवासाठी वापरतो. या तीन दिवसांचा गौरीच्या तीन दिवसांशी संबंध असावा असे मला वाटते, कारण उपटलेले रसाळ रोप तेवढ्यातच मान टाकते. पण उपटलेल्या रोपावर खालच्या बाजूला पिकत आलेली बोंडे असतात. पाड्यापासून ओढ्यापर्यंत वाजत-गाजत जाणाऱ्या गौरीबरोबर वाटेत किती बोंडे फुटत असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. एखाद्या उत्साही शाळेने ठेवावा.

असे हे रोप, एवढे जिकडेतिकडे उगवणारे, त्याची काळजी कोणी कशाला करावी? शिबिरानंतर त्याच गुरुजींबरोबर मी त्यांच्या शाळेकडे गेलो. वाटेत एका वळणावर ते थांबले. तिथे गेल्या दोन-तीन वर्षांपर्यंत तेरडा असे आणि ते मुलांना तिथेच घेऊन येत. आता त्या दरडीवर फक्त टाकळा आणि गवत होते. काय झाले असावे याचा आम्ही दोघांनी अंदाज बांधला. रस्त्याच्या कडेची झाडोऱ्याची सफाई बहुधा सण संपता संपता होते. शेजारच्या खाचराच्या बांधावर तणनाशक मारलेले होते, त्याचा पिवळा पट्टा स्पष्ट दिसत होता. ही दोन्ही कामे तेरड्याचे बोंड पिकण्यापूर्वी झाली तर त्या वर्षी बी पडत नाही.

इथे युरोपची आठवण पुन्हा होते. हिमालयी तेरडा हटवण्यासाठी तिथले लोक जे करतात ते अगदी साधे आहे. फुलावर आला की बी धरण्यापूर्वी तो कापायचा, आणि ओळीने दोन-तीन वर्षे कापत राहायचा. त्याचे बी जमिनीत दीड-दोन वर्षांच्या पुढे सहसा जिवंत राहत नाही, म्हणून मग तो नाहीसा होतो. नको असलेल्या तेरड्यावर तिथे जाणूनबुजून जो उपाय करतात, तोच आपण आपल्या तेरड्यावर नकळत करतो आहोत. फरक इतकाच की तो बांधावरचा, म्हणून कोणाच्या खिजगणतीत नाही. वळणावरून एकदा गेला की वरच्या अंगाला दुसरी वस्ती असल्याशिवाय तो परत येणेही अवघड, कारण उडी दीड-दोन मीटरांची आणि पाणी नेहमी खालीच वाहते.

यावरचा उपाय फुकटचा आहे. सफाई करायचीच असेल तर ती एक महिना पुढे ढकलावी. बोंडे फुटून गेल्यावर, आश्विन सरताना, तेरडा कापला काय आणि नाही कापला काय, त्याला फरक पडत नाही. शाळेच्या आवारापुरता तरी हा निर्णय मुख्याध्यापकांच्या हातात असतो. गुरुजींनी त्यांच्या आवाराच्या मागच्या बांधाबाबत तो त्याच दिवशी घेऊन टाकला आणि शिपाईदादांना तसे सांगितलेही. शिपाईदादा म्हणाले, "नाहीतरी त्या बाजूला मी दिवाळीनंतरच जातो."

तेरडा खरोखर वर्षाला किती पुढे सरकतो, हे मात्र मोजून पाहावे लागेल आणि ते शाळेतच होऊ शकते. संशोधन संस्थेतला माणूस एकाच बांधापाशी ओळीने तीन पावसाळे येत नाही, शिक्षक येतात. तेरड्याच्या एखाद्या वस्तीची शेवटची कड निवडावी. कडेवरच्या दोन मोठ्या दगडांवर खूण करून त्यांच्यामध्ये दोरी धरावी आणि पुढच्या ज्येष्ठात, पहिल्या दोन पावसांनंतर, दोरीच्या पलीकडे किती रोपे उगवली आणि किती अंतरावर, ते वहीत लिहावे. तेरड्याच्या कोवळ्या रोपाची ओळख मुलांना सांगावी लागणार नाही, तीच आपल्याला सांगतील. दगडावरची खूण ऑइलपेंटने करावी. चुन्याची आम्ही केली होती, ती पहिल्याच पावसात गेली.